कौतुक खूप झालं, आता त्यांच्या कामाबद्दल लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

११ फेब्रुवारी हा विज्ञानातल्या महिलांचा दिवस आणि ८ मार्चचा महिला दिन जवळ आले की सगळ्याच पेपरांत महिला शास्त्रज्ञांवर पानं निघतात, तुमच्याकडंही निघतात, आणि मी ती मन लावून वाचते, चांगलं कात्रण असलं तर वर्गात लावतेसुद्धा. पण एक गोष्ट बरीच वर्षं खटकतेय ती आज लिहूनच टाकते. या लेखांमध्ये बाई घरचं कसं सांभाळते, नवऱ्यानं कसा पाठिंबा दिला, मुलं लहान असताना लॅबमधून यायला उशीर झाला की काय व्हायचं, हे सगळं अगदी बैजवार असतं, आणि तिनं नेमकं शोधलं काय, त्या शोधामुळं कुणाचा किती पैसा वाचला, कुठलं पाणी, कुठली हवा थोडी तरी सुधारली, हे शेवटच्या दीड ओळीत उरकलेलं असतं. पुरुष शास्त्रज्ञाची मुलाखत असली की पहिला प्रश्न त्याच्या शोधाचा असतो, घर कोण बघतं हे त्याला कुणी विचारत नाही.

याचा परिणाम असा होतो की वाचणाऱ्याच्या मनात बसून जातं, विज्ञानात बायका असणं ही सत्कार करण्यासारखी छान गोष्ट आहे, असल्या तर चांगलंच, नसल्या तरी जगाचं काही अडत नाही. माझं म्हणणं असं की अडतं, पैशात अडतं, हवापाण्यात अडतं, आणि किती अडतं ते बऱ्याच ठिकाणी मोजूनही दाखवता येतं.

ओझोनचंच घ्या. फ्रिज, एसी आणि स्प्रेच्या डब्यांत सीएफसी नावाचे वायू वापरले जायचे, स्वस्त, न पेटणारे, विषारी नसलेले, त्यामुळं उद्योगांना ते फारच सोयीचे होते. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी इशारा दिला की हे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातील. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावर त्या थराला पडलेलं भगदाड दिसलंसुद्धा, पण हिशोब जुळेना, कारण तेव्हाच्या गणितानं इतका ओझोन इतक्या लवकर जायलाच नको होता, आणि तो नेमका दक्षिण ध्रुवावर आणि नेमका तिथला वसंत सुरू होताना का जातोय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे सूर्यावरच्या घडामोडींमुळं, कुणी म्हणे वारे बदलल्यामुळं, आणि उद्योगांचं म्हणणं होतं की कारण पक्कं नसताना बंदी कशाला. सुझन सॉलोमन या अमेरिकी शास्त्रज्ञ तेव्हा जेमतेम तिशीच्या होत्या. त्यांनी मांडलं की ध्रुवावरच्या भयंकर थंडीत खूप उंचावर बर्फाच्या कणांचे ढग बनतात, त्या कणांच्या पृष्ठभागावर अशा रिॲक्शन होतात ज्या नुसत्या हवेत होत नाहीत, त्यातून क्लोरीन मोकळं व्हायच्या तयारीत साठत जातं, आणि मोठी रात्र संपून सूर्य उगवला की ते ओझोन फस्त करायला लागतं. नुसतं मांडून त्या थांबल्या नाहीत. १९८६ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावर टीम घेऊन गेल्या, मोहिमेच्या प्रमुख त्याच होत्या, आणि दिवसाचा उजेड पुरेसा नाही म्हणून चंद्राचा उजेड आरशानं उपकरणात वळवून त्यात क्लोरीनच्या संयुगाची खूण शोधली. ती सापडली, आणि ठरलेल्या अंदाजापेक्षा कितीतरी पट जास्त सापडली.

पुढच्या वर्षी, १६ सप्टेंबर १९८७ ला, हे वायू कमी करत नेण्याचा माँट्रियलचा करार झाला आणि नंतर तो कडक करत नेला गेला त्याच्यामागं अशी मोजमापं होती. आज ओझोन खाणारी जवळपास ९९ टक्के रसायनं वापरातून गेलीत आणि अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या आसपास १९८० च्या पातळीवर परत येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. फ्रिज बंद पडले का, नाही पडले. कंपन्या बुडाल्या का, नाही, त्यांनी दुसरे वायू शोधले आणि धंदा चालूच राहिला. उलट त्वचेचे कॅन्सर, मोतीबिंदू, जास्तीच्या अतिनील किरणांनी पिकांचं झालं असतं ते नुकसान, हा सगळा खर्च वाचला, शिवाय सीएफसी स्वतः जबरदस्त उष्णता धरून ठेवणारे असल्यामुळं या शतकाच्या मध्यापर्यंत अर्धा ते एक डिग्री तापमानवाढ टळेल असं संयुक्त राष्ट्रांचं पर्यावरण खातं सांगतं. इतक्या मोठ्या फायद्याच्या मुळाशी रसायनशास्त्रातला एक बरोबर ओळखलेला दुवा आहे. सॉलोमन यांच्यावर लेख लिहायचा तर या दुव्यावरच अर्धं पान लागेल, बाकी कशाला जागाच उरणार नाही.

आणि तापमानवाढीचा विषय निघालाच आहे तर यूनिस फुट हे नाव आपल्या वाचकांपैकी किती जणांना माहीत असेल? अमेरिकेतल्या या बाईंनी १८५६ साली काचेची दोन नळकांडी घेतली, हवा काढायचा पंप आणि थर्मामीटर घेतले, आणि वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. साध्या हवेचं तापमान १०६ डिग्री फॅरेनहाइटपर्यंत गेलं, कार्बन डायऑक्साइडचं १२५ पर्यंत, आणि सावलीत आणल्यावर ते नळकांडं थंड व्हायला कितीतरी जास्त वेळ लागला. त्यांनी तिथंच लिहून ठेवलं की हवेत या वायूचं प्रमाण जास्त असतं तर पृथ्वी जास्त तापली असती. तो पेपर शास्त्रज्ञांच्या सभेत वाचून दाखवला तो जोसेफ हेन्री या गृहस्थांनी. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी जास्त चांगल्या उपकरणांनी उष्णतेच्या किरणांवर काम केलं, ते काम फुट यांच्यापेक्षा खोल होतं यात वाद नाही, फुट यांच्या नळकांड्यांत सूर्याचा उजेड आणि जमिनीतून निघणारी उष्णता वेगळी करायची सोयच नव्हती. पण पुढची दीडशे वर्षं पुस्तकांत टिंडल राहिले आणि फुट पार पुसल्या गेल्या, २०११ मध्ये एका निवृत्त भूशास्त्रज्ञांना जुन्या वार्षिकात त्यांचा उल्लेख दिसला तेव्हा कुठं जगाला त्या परत सापडल्या. मला यात राग येतो तो नुसत्या श्रेयाचा नाही. १८५६ मध्ये घरातल्या साध्या सामानावर इतका नेमका प्रश्न विचारणाऱ्या बाईला लॅब, सहकारी आणि पैसे मिळाले असते तर पुढचे दोन-चार प्रश्नही तिनंच विचारले असते ना, ते गेलेले प्रश्न आता कुठून आणायचे?

आता मला सगळ्यात जास्त आवडणारं उदाहरण, कारण त्यात पैसा जवळपास शून्य लागलाय. रीटा कोलवेल या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. तरुणपणी फेलोशिप मागायला गेल्या तेव्हा विभागप्रमुखांनी सांगितलं की आम्ही बायकांवर फेलोशिप वाया घालवत नाही, हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलंय. कॉलऱ्याचे जंतू माणसांच्या आतड्यांत राहतात आणि माणसांकडून पाण्यात जातात असं तेव्हा सगळे धरून चालायचे. कोलवेल म्हणत होत्या की नाही, ते मुळात पाण्यातच राहतात, साथ नसतानाही असतात, आणि पाण्यातल्या कोपेपॉड नावाच्या अगदी बारीक कवचवाल्या जिवांना चिकटून बसतात. त्यांच्यावर विश्वास बसायला बरीच वर्षं गेली. पण एकदा हे मान्य केलं की पुढचा विचार सरळ आहे, जंतू गाळता येत नाही कारण तो फारच लहान असतो, पण तो ज्याला चिकटलाय तो कोपेपॉड गाळता येतो.

कशानं गाळायचा? त्यांनी आणि अन्वर हक यांनी बांगलादेशात वेगवेगळी कापडं मायक्रोस्कोपखाली घालून बघितली आणि जुनी, वापरून वापरून मऊ झालेली सुती साडी सगळ्यात चांगली ठरली, कारण सारखी धुतल्यानं तिचे धागे सैल होऊन फुगतात आणि मधली भोकं बारीक होतात. चार ते आठ पदरी घडी केली की साधारण २० मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढ्या भोकांची गाळणी तयार. लॅबमध्ये अशा कापडानं चिकटलेले ९९ टक्के जंतू अडवले. मग तिथल्या मतलब नावाच्या भागातल्या ६५ गावांत, १ लाख ३३ हजारांच्या आसपास लोकांमध्ये अभ्यास केला, त्यातल्या काही गावांत पाणी भरणाऱ्या बायकांना घागरीच्या तोंडावर घडी कशी घालायची आणि नंतर ते कापड कसं धुऊन वाळवायचं हे दाखवलं, आणि २००३ मध्ये निकाल छापला, कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. पाच वर्षांनी परत जाऊन बघितलं तर साधारण तीनात एक बाई अजूनही पाणी गाळत होती, कुणी मागं लागलेलं नसताना. आणि एक कॉलऱ्याचा पेशंट म्हणजे नुसता सलाइनचा खर्च नसतो, घरातल्या कमावत्या माणसाचे बुडालेले दिवस असतात, काढलेलं कर्ज असतं, त्यामुळं हा शोध मी आरोग्याइतकाच अर्थव्यवस्थेचा मानते. कोलवेल पुढं अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या पहिल्या महिला संचालक झाल्या, ती बातमी सगळीकडं आली, साडीची आली का?

कारखान्यांच्या बाजूनं बघायचं तर फ्रान्सिस अर्नोल्ड या अमेरिकी शास्त्रज्ञ बाई. रसायनांचे कारखाने चालतात ते उष्णता, दाब आणि महागड्या धातूंवर, आणि मागं उरतो कचरा. निसर्गातले एन्झाइम, म्हणजे सजीवांमध्ये रिॲक्शन घडवून आणणारी प्रथिनं, तेच काम साध्या पाण्यात, कमी तापमानाला करतात, पण कारखान्याला हवं तसं नाही. अर्नोल्ड यांनी १९९३ च्या सुमारास पद्धत बसवली की एन्झाइममध्ये मुद्दाम आडवेतिडवे बदल करायचे, त्यातले सरस निवडायचे, त्यांच्यात परत बदल करायचे, म्हणजे उत्क्रांतीच लॅबमध्ये पळवायची. हे कसलं विज्ञान, असं नाक मुरडणारेही होते. २०१८ मध्ये नोबेल मिळालं. या पद्धतीचा एक नमुना सांगते, मधुमेहाची सिटाग्लिप्टिन नावाची गोळी बऱ्याच वाचकांच्या घरात असेल. ती बनवताना आधी ऱ्होडियम हा फार महाग धातू आणि मोठ्या दाबाखालचा हायड्रोजन लागायचा. कंपन्यांनी याच मार्गानं घडवलेला एन्झाइम वापरला तेव्हा ऱ्होडियम पूर्ण गेलं, कचरा १९ टक्क्यांनी कमी झाला आणि उत्पादन १० ते १३ टक्क्यांनी वाढलं. पर्यावरण सांभाळायचं म्हणजे धंद्याला तोटा सोसावा लागणारच, असं जे सारखं ऐकवतात त्यांच्यासाठी हे आकडे आहेत.

आता अॅना मणी. आपल्याकडं यांचं नाव अधूनमधून येतं पण काम कुणी उलगडून सांगत नाही. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या तेव्हा साधी साधी उपकरणंही ब्रिटनहून यायची. मणी यांनी जवळपास १०० उपकरणांची ड्रॉइंग्ज नीट ठरवून ती इथंच बनवायला घेतली. पुढं १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात सूर्यकिरणांची मोजणी करणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं, १९६० च्या दशकात ओझोन मोजणारं, फुग्याबरोबर वर जाणारं यंत्र तयार केलं, आणि रिटायर झाल्यावर १९८० मध्ये सूर्यकिरणांच्या आकडेवारीचं मोठं पुस्तक काढलं, मग वाऱ्याच्या मोजणीत उतरल्या. हे सगळं कोरडं वाटतं ना, पण विचार करा, कुठंही सोलर प्रकल्प उभा करायचा तर बँक सगळ्यात आधी विचारते की इथं वर्षभरात ऊन किती मिळतं आणि ते कशावरून सांगता. पवनचक्कीला विचारते वारा किती. वर्षानुवर्षांचा, एकाच पद्धतीनं, बरोबर लावलेल्या उपकरणांनी घेतलेला डेटा नसेल तर कर्ज मिळत नाही किंवा महाग मिळतं. म्हणजे स्वच्छ विजेचा पाया पॅनेल बनवणाऱ्याइतकाच ऊन मोजणाऱ्यानं घातलेला असतो, आणि तो पाया घालायला मणी यांनी सुरुवात केली तेव्हा सोलर विजेचा धंदा नावालाही नव्हता.

या मणी यांना डॉक्टरेट मिळाली नाही. रामन यांच्या लॅबमध्ये हिरे आणि माणिकांवर केलेलं काम, छापलेले पेपर, तयार प्रबंध, सगळं होतं, पण एमएस्सीची पदवी नाही म्हणून विद्यापीठानं नाकारली. त्या स्वतः यावर फारसं बोलत नसत. मी बोलणार, कारण नियमाचा कागद कामापेक्षा मोठा होण्याचा प्रकार अजून संपलेला नाही.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. प्रॅक्टिकलला स्पेक्ट्रोमीटरचं, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाचं, लेव्हलिंग करायचं म्हटलं की पोरं कंटाळतात, तीन स्क्रू आहेत, एक फिरवला की दुसरं बिघडतं. माझ्या हाताखाली एक मुलगी होती, ती स्क्रूला हात लावायच्या आधी त्याच्या दुर्बिणीतून नुसती बघत बसायची आणि मग एकेक स्क्रू जेवढा हवा तेवढाच फिरवायची, परत करावं लागायचं नाही. पुढं तिनं सोलर सेलवरच्या कोटिंगवर रिसर्च केला, तिच्या गाइडनं मला फोन करून सांगितलं होतं की ही मुलगी फार पुढं जाईल. मग लग्न, बाळ, दुसऱ्या गावी बदली, मध्ये काही वर्षं गेली. परत यायला निघाली तर एका संस्थेत इंटरव्ह्यूला कोटिंगबद्दल एक प्रश्न नाही, गॅप का पडला आणि मूल आजारी पडलं तर कोण बघणार एवढंच. दुसरीकडं वयाची अट ओलांडलेली. आता ती दहावीचे क्लास घेते, चांगले घेते, मुलांचं नशीब. पण तिच्या हातात जे कसब होतं ते घडवायला समाजाचा, सरकारचा किती पैसा आणि किती वर्षं लागली होती, आणि ते आज वापरात नाही, हा तोटा कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

ही एकटीची गोष्ट नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये एक अभ्यास छापून आला, पहिलं मूल झाल्यावर विज्ञान-तंत्रज्ञानातली फुल टाइम नोकरी सोडणाऱ्या बायका ४३ टक्के आणि पुरुष २३ टक्के. म्हणजे वडीलही सोडतात, पण आया जवळपास दुपटीनं. युनेस्कोच्या आकड्यांनुसार जगात तीन संशोधकांमागं एक बाई आहे. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पहिल्या तिघी बघा, १९०३ ला मारी क्युरी, मग साठ वर्षांनी १९६३ ला मारिया गेपर्ट-मायर, मग २०१८ ला डॉना स्ट्रिकलंड, आणि नोबेल जाहीर झालं तेव्हा स्ट्रिकलंड पूर्ण प्रोफेसरसुद्धा नव्हत्या. कॅटलिन कारिको यांना १९९५ मध्ये विद्यापीठानं खालच्या पदावर आणलं होतं कारण एमआरएनएवर, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूवर, ग्रँट मिळत नव्हती, त्याच कामातून पुढं कोविडची लस आली. त्या चिकाटीच्या होत्या म्हणून टिकल्या, पण कुणाच्या तरी असामान्य चिकाटीवर सगळ्या जगाची लस अवलंबून असावी ही काय व्यवस्था झाली?

इथं लोक लगेच म्हणतात की निवड गुणांवर व्हायला हवी. अगदी मान्य, मीही तेच म्हणते, म्हणून तर गुण मोजायची पद्धत तपासू या. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला, फक्त काहींच्या अर्जावर जॉन नाव होतं आणि काहींच्या अर्जावर जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार सुचवला, जेनिफरला २६,५०८. यातली फार महत्त्वाची गोष्ट ही की महिला प्राध्यापकांनीही तसंच केलं, त्यामुळं पुरुष वाईट बायका चांगल्या असं काही नाहीये, सवय सगळ्यांच्याच डोक्यात आहे. दुसरं उदाहरण हबल दुर्बिणीचं. दुर्बिणीचा वेळ मिळवायला जगभरातून अर्ज येतात, आणि वर्षानुवर्षं पुरुषांचे अर्ज मंजूर होण्याचं प्रमाण जास्त असायचं, थोडंच पण दरवेळी. २०१८ मध्ये अर्जावरची नावं आणि संस्था काढून टाकल्या, तपासणाऱ्याला फक्त कल्पना दिसेल असं केलं, आणि पहिल्यांदाच महिलांचं प्रमाण वर गेलं, त्यांचे ८.७ टक्के अर्ज मंजूर झाले, पुरुषांचे ८ टक्के. नंतर नासानं हीच पद्धत बाकीच्या दुर्बिणींनाही लावली. याला ना आरक्षण लागलं, ना सत्कार, ना भाषण, अर्जाचं पहिलं पान बदललं एवढंच.

अशीच दुसरी साधी व्यवस्था युरोपात आहे. तिथल्या युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या काही ग्रँटना पीएचडीनंतर अमुक वर्षांच्या आत अर्ज करायचा अशी मुदत असते, पण आई झालेल्या बाईला प्रत्येक मुलामागं दीड वर्ष वाढवून मिळतं. बास, तिला कुणासमोर हात जोडावे लागत नाहीत. माझ्या त्या विद्यार्थिनीला एवढं जरी मिळालं असतं.

आता हरित ऊर्जेत नव्यानं नोकऱ्या येतायत, जुनी व्यवस्था नाही, सगळं पहिल्यापासून मांडता येईल, म्हणून तिथं तरी चित्र वेगळं असेल असं वाटतं. थोडं आहे. अक्षय ऊर्जा क्षेत्रावर लक्ष ठेवणाऱ्या इरेना या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१९ च्या अहवालात तेल आणि गॅसमध्ये बायका २२ टक्के आणि अक्षय ऊर्जेत ३२ टक्के आहेत. पण आत शिरून बघितलं तर ऑफिसच्या, कारकुनी कामात ४५ टक्के आणि विज्ञान-इंजिनिअरिंगच्या जागांवर २८ टक्के. म्हणजे फाइल सांभाळायला बाई, टर्बाइन डिझाइन करायला पुरुष, ही जुनीच वाटणी नव्या इमारतीत आली. आत्ताच नाही बदललं तर पुढची चाळीस वर्षं तीच चालेल, कारण आज जे ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागतात तेच उद्या निर्णय घेणार.

शेतीचं तर विचारूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं, म्हणजे एफएओनं, २०२३ मध्ये हिशोब मांडला की शेतीतली स्त्री-पुरुषांमधली उत्पादकतेची आणि मजुरीची दरी भरली तर जगाचं उत्पन्न १ टक्क्यानं, म्हणजे जवळपास १ लाख कोटी डॉलरनं वाढेल आणि साडेचार कोटी लोकांची पुरेशा अन्नाची भ्रांत टळेल. ही दरी बायका कमी राबतात म्हणून नाहीये, जमीन, बियाणं, कर्ज, अवजारं, सल्ला यातलं सगळंच त्यांच्यापर्यंत उशिरा किंवा अर्धवट पोचतं म्हणून आहे.

एक गोष्ट मात्र मला स्पष्ट लिहायचीय, नाहीतर माझ्या पत्राचा भलताच अर्थ निघेल. बायका निसर्गाच्या जवळ असतात, मायाळू असतात, म्हणून पर्यावरण वाचवतील, असलं काही मी म्हणत नाहीये आणि मला ते पटतही नाही. सॉलोमन यांनी माया दाखवून क्लोरीन शोधलं नाही, चांगलं रसायनशास्त्र येत होतं म्हणून शोधलं. मुद्दा असा आहे की कोण प्रश्न विचारतं यावर कुठला प्रश्न विचारला जाणार ते ठरतं. चुलीच्या धुराचं घ्या. घरातल्या धुरामुळं २०२० साली सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय, आणि तो धूर सगळ्यात जास्त बायका आणि लहान मुलं घेतात. सुधारित चुलींवर कितीतरी ठिकाणी कितीतरी पैसा गेला, आणि त्यातल्या बऱ्याच चुली कोपऱ्यात पडून राहिल्या, कारण भांडं बसत नव्हतं, लाकूड फारच बारीक फोडावं लागायचं, आच कमीजास्त करता येत नव्हती. रोज चुलीपुढं बसणारी बाई डिझाइनच्या टेबलावर असती तर हे पहिल्या दिवशी कळलं असतं. पाण्याचं तसंच, जगभरात बायका आणि मुली मिळून रोज २० कोटी तास पाणी भरण्यात घालवतात असं युनिसेफनं म्हटलंय. ज्याच्या आयुष्यातले तास जातात त्याला नळ कुठं हवा हे जास्त नेमकं कळतं, यात बाईपणाचं गूढ काही नाही.

केनियाच्या वंगारी मथाई यांना हे फार आधी कळलं होतं. मुळात त्या प्राण्यांच्या शरीररचनेच्या शास्त्रज्ञ, १९७१ मध्ये पूर्व आणि मध्य आफ्रिकेतून डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या महिला. खेड्यातल्या बायका सांगायच्या की ओढे आटतायत, सरपणासाठी लांब जावं लागतं. १९७७ मध्ये त्यांनी याच बायकांना रोपवाटिका करायला शिकवलं आणि जगलेल्या प्रत्येक रोपामागं थोडे पैसे दिले. लावलेल्या नाही, जगलेल्या. या एका शब्दामुळं झाडं टिकली आणि बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. लाखो झाडं झाली, कोट्यवधी झाली. २००४ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण रोपामागच्या पैशांची ही अट वृक्षलागवडीच्या किती योजनांनी उचलली ते तुम्हीच बघा.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. येत्या ११ फेब्रुवारीच्या पानावर ज्या महिला शास्त्रज्ञाची मुलाखत घ्याल तिला पहिला प्रश्न कामाचा विचारा, काय मोजलं, कसं मोजलं, आधी काय समज होता आणि आता काय बदललं. शब्द अवघड आले तर येऊ द्यात, वाचक तेवढे हुशार आहेत, ओझोनचं भगदाड समजून घेणाऱ्या पिढीला एन्झाइम जड जाणार नाही. घरचं विचारायचंच असेल तर पुरुष शास्त्रज्ञालाही विचारा, त्याचं उत्तर वाचायला मला खरंच आवडेल. लॅबमध्ये उपकरणं लावणाऱ्या, नमुने गोळा करणाऱ्या टेक्निशियन बायकांवरही लिहा, त्यांच्याशिवाय एकही पेपर छापला जात नाही.

आणि सत्काराचे फोटो पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, कॉलेजला, कंपनीला फोटोबरोबर दोन आकडे मागा. पाच वर्षांपूर्वी टेक्निकल आणि रिसर्चच्या कामावर किती महिला घेतल्या, आणि त्यातल्या आज त्याच कामावर किती आहेत. फोटोखाली ते आकडे छापा. ज्या संस्था देणार नाहीत त्यांच्या फोटोखाली, आकडे मागितले होते, मिळाले नाहीत, एवढं छापा. दरवर्षी तोच प्रश्न विचारायला लागलात की दोन-तीन वर्षांत वाचकच आकडे ताडून बघायला लागतील, मी तर माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन तक्ताच करणार आहे.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
एक फिजिक्सची शिक्षिका